हस्तगत विद्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. या मालेत नाट्यसंगीतावर आणि संतवाङ्मयावर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्या मानाने माझा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. माणूस आणि संगणक यांची गाठ जेथे पडते, त्या जागेविषयी मला बोलावयाचे आहे. तंत्रज्ञ तिला इंटरफेस म्हणतात. आपण आजपुरते तिला उंबरठा म्हणू. या उंबरठ्यावर आपल्या हाताला काय शिकावयास मिळते आणि काय मिळत नाही, हा आजचा प्रश्न आहे.

मी अभियंता नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे, आणि केंद्र सरकारच्या सेवेत प्रथम कागदाच्या व पुढे संगणकाच्या संगतीने माझी उमेद गेली. परंतु जे यंत्र रोज आठ-दहा तास आपल्या हाताखाली असते, त्याने आपल्या हाताचे काय केले, याचा विचार करण्यास पदवीची अट नसावी.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. एखादे काम चांगले येऊ लागले की आपण ‘हात बसला’ म्हणतो. सवय झाली की ती ‘अंगवळणी पडते’. नैपुण्य आले की तो ‘हातखंडा’ होतो, आणि एखादी वस्तू पुरती आपली झाली की ती ‘हस्तगत’ होते. ज्ञानाचा एक मोठा भाग डोक्यात शिरण्यापूर्वी हातात शिरतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत असे. बोटाखाली धूळ सरकत असे, रेघ उमटत असे, आणि अक्षराचे वळण डोळ्यांइतकेच बोटालाही पाठ होत असे. मोदकाच्या कळ्या किती अंतरावर पाडाव्यात हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकातून नीटसे कळत नाही. आजीच्या शेजारी बसून दहा मोदक बिघडवले की अकरावा आपोआप साधतो. कारण त्या वेळी उकडच हाताला सांगत असते, की आता थांब, आता फाटेल.

शिक्षणशास्त्रातही हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी मुलांना खरखरीत कागदाची अक्षरे दिली आणि त्यांवरून बोट फिरवावयास लावले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. विकतची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी बिया, पाने, खडे, माती यांचीच साधने केली. आदिवासी मुलांच्या हातांना ज्या वस्तू ओळखीच्या होत्या, त्यांनीच मोजणे व ओळखणे शिकविले. साधन कोणते आहे यावर विद्या कोणाला मिळेल हे ठरते, ही गोष्ट या दोन विदुषींनी कृतीने दाखवून दिली.

आता संगणकाकडे वळू. संगणक आला तो डोळ्यांचा सोबती म्हणून. पडदा सारे काही दाखवू लागला, आणि हाताला काम राहिले ते कळा दाबण्याचे. याला अपवाद करू पाहणारे विचारवंत आरंभापासून होते. अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर चालणारे एक यांत्रिक कासवही आले. ‘इतकी पावले पुढे, इतके वळ’ असे सांगितले की ते कासव रेघ ओढीत चाले. चौकोन कसा काढावा हे सुचले नाही, तर मुलाने स्वतः कासव होऊन चौकोनात चालून पाहावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह असे. भूमिती पायांनी शिकावयाची, ही त्यामागील दृष्टी होती.

आपल्या दिल्लीतही एक बहुचर्चित प्रयोग झाला. 1999 च्या जानेवारीत कालकाजी येथे सुगत मित्रा यांनी आपल्या कार्यालयाच्या कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसविला. पलीकडे झोपडवस्ती होती. तेथील मुलांना कोणी शिकवावयास नव्हते, तरी हाताने चाळवून पाहता पाहता ती तो संगणक वापरू लागली. या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. शिक्षकावाचून शाळा चालेल, असे मला त्यावरून मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु हाताशी वस्तू आली की मूल ती उलगडू पाहते, एवढे त्यातून निश्चित दिसले.

कळफलकाचे एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या कार्यालयीन जीवनातील आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळरचना केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 साली प्रमाणित केली, आणि 1991 साली ती भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ ज्या कळीवर त्याच कळीवर वरच्या जोडीला ‘ख’, आणि ‘ग’च्या जोडीला ‘घ’. म्हणजे आपण लहानपणी जी वर्णमाला घोकली, तिचीच व्यवस्था बोटांखाली मांडलेली आहे. शिवाय ज्या कळीने मराठीचा ‘क’ उमटतो, त्याच कळीने बंगालीचा, तमिळचा आणि कानडीचाही ‘क’ उमटतो. लिपी डोळ्यांना निराळी दिसते. बोटाला मात्र सारा देश एकच वाटतो. आठ-पंधरा दिवसांच्या सरावाने हात बसतो, आणि मग कळफलकाकडे पाहावेही लागत नाही.

येथवर आपण हाताने यंत्राला सांगण्याच्या गोष्टी पाहिल्या. परंतु यंत्राने हाताला काही सांगावे, याचे काय? हा प्रश्न प्रथम निकडीचा झाला तो अणुसंशोधनात. किरणोत्सारी पदार्थ हाताने धरता येत नाहीत. म्हणून 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी असे यांत्रिक हात तयार केले, की जाड भिंतीअलीकडे माणसाने मूठ वळवावी आणि पलीकडे यंत्राने ती वळवावी. पलीकडच्या वस्तूचा विरोध अलीकडच्या हाताला जाणवला नाही, तर काचेचे पात्र चिरडले जाते. म्हणून त्या जाणिवेचीही सोय करावी लागली. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात ‘दा विंची’ या यंत्रमानवाला अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळाली. त्यावर काम करणारे शल्यविशारद ऊतीवरील ताण बव्हंशी डोळ्यांनीच अजमावीत आले. तो ताण हाताला जाणवून देणारी सोय त्या यंत्राच्या 2024 साली मान्यता मिळालेल्या पाचव्या आवृत्तीत आली. यंत्राला स्पर्श देणे किती अवघड आहे, हे या वर्षांच्या अंतरावरून ध्यानात यावे.

आणि आता आपल्या शहरातील ज्या कार्यासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो.

हौज खास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या आय. आय. टी. मध्ये, प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘असिसटेक’ नावाची प्रयोगशाळा उभी राहिली. दृष्टिहीनांना उपयोगी पडणारी साधने तयार करणे हे तिचे कार्य. या कार्यात दिल्लीच्या ‘सक्षम’ या संस्थेचे सहकार्य आरंभापासून लाभले. ‘सक्षम’चे दीपेंद्र मनोचा हे स्वतः दृष्टिहीन आहेत. ज्यांनी वापरावयाचे त्यांच्याच हाती साधन देऊन, त्यांचे ऐकून ते पुन्हा घडवावयाचे, अशी तेथील पद्धत आहे.

त्यांचे पहिले मोठे साधन म्हणजे 2014 साली लोकांसमोर आलेली ‘स्मार्टकेन’. पांढरी काठी जमिनीवरील खड्डा सांगते, पायरी सांगते. परंतु गुडघ्याच्या वर लोंबणारी फांदी, उघडी खिडकी किंवा उभ्या मालमोटारीचा मागचा भाग ती सांगू शकत नाही, आणि दिल्लीच्या पदपथांवर असल्या वस्तूंना तोटा नाही. वटवाघूळ ज्याप्रमाणे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, तद्वत काठीच्या मुठीवर बसविलेले हे छोटेसे यंत्र सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मुठीतील कंपनांनी हाताला कळविते. अडथळा जवळ आला की कंपनांची चाल बदलते. येथे आवाज का वापरला नाही? कारण रस्त्यावर दृष्टिहीन माणसाचा कान आधीच कामात असतो. वाहन कोणत्या बाजूने येत आहे, सोबतचा मनुष्य काय म्हणत आहे, हे सारे कानालाच पाहावे लागते. तेव्हा नवे काम हाताला दिले.

दुसरे साधन पुस्तकातील आकृत्यांचे. शब्द ब्रेलमध्ये उतरतात. परंतु हृदयाचे कप्पे, भिंगातून वळणारा किरण, वर्तुळाची स्पर्शिका ही कशी उतरावीत? आकृती हाती येत नाही म्हणून अनेक दृष्टिहीन मुलांना आठवीनंतर गणित व विज्ञान सोडावे लागले आहे. बुद्धी होती, इच्छाही होती. एक उंचावलेली रेघ तेवढी नव्हती. संस्थेतील मंडळींनी संगणकावर आकृतीचा आराखडा करून त्याचा त्रिमितीय साचा छापण्याची व त्यावरून प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर उठावदार प्रती काढण्याची पद्धत बसविली. नववी-दहावीच्या विज्ञान-गणिताच्या पुस्तकांतील आकृत्या अशा रीतीने बोटाखाली आल्या.

तिसरे साधन ‘डॉटबुक’. ते 2019 साली प्रकाशात आले, आणि त्याच्या घडणीत नोएडाच्या एका कंपनीचाही भाग होता. यात पडदा नाही. पडद्याच्या जागी बारीक टाचण्यांची एक ओळ आहे. संगणकातील अक्षरांप्रमाणे या टाचण्या वर येतात, बोट ओळीवरून फिरते, ओळ संपली की टाचण्या खाली जातात आणि पुढची ओळ उभी राहते. वीस अक्षरांची आणि चाळीस अक्षरांची अशी दोन रूपे त्याची निघाली.

कोणी विचारील, संगणक आता सारे वाचून दाखवतो, मग हा बोटांचा खटाटोप कशाला? हाच प्रश्न मी आमच्या खात्यातील एका तरुण सहकाऱ्यास विचारला होता. हे गृहस्थ वऱ्हाडातले, जन्मतः दृष्टिहीन, आणि कामाला अत्यंत चोख. ते म्हणाले, “सर, ऐकताना मला मजकूर कळतो, पण शब्द दिसत नाही. बोट ठेवले की शब्द दिसतो.” मी म्हणालो, “म्हणजे कसे?” त्यांनी माझ्यासमोर ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द संगणकाकडून वाचवून घेतले. माझ्या कानाला तरी फरक कळला नाही. मग त्यांनी माझे बोट धरून टाचण्यांवर ठेवले. ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा बिंदू असतात, डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. ऱ्हस्व ‘इ’ला दुसरा व चौथा बिंदू, दीर्घ ‘ई’ला तिसरा व पाचवा. दोन्ही टाचण्या एकेक पायरी खाली सरकल्या की दिवसाचा गरीब होतो! शुद्धलेखन कानाने येत नाही. ते डोळ्याने येते किंवा बोटाने येते, आणि ज्याला डोळा नाही त्याचे बोटही काढून घेतले, तर तो ऐकणारा राहील, लिहिणारा राहणार नाही.

फ्रान्समधील लुई ब्रेल हा स्वतः दृष्टिहीन मुलगा. त्याने वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 साली, ही लिपी सिद्ध केली. आपल्या देशात 1951 साली सर्व भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. इन्स्क्रिप्टच्या पुष्कळ आधी येथेही तेच तत्त्व आहे: एका उच्चाराला सर्व भारतीय भाषांत एकच बिंदुरचना. आणि तीत आपल्या ‘ळ’लाही स्वतंत्र स्थान आहे. ‘ल’ म्हणजे डाव्या बाजूचे तिन्ही बिंदू, एक उभी रेघ. ‘ळ’ म्हणजे उजव्या बाजूचे तिन्ही बिंदू, पलीकडची उभी रेघ. ब्रेल वाचणाऱ्या मराठी मुलाच्या बोटाला ‘काल’ आणि ‘काळ’ यांत कधी गल्लत होत नाही.

बंधुभगिनींनो, आता क्षणभर आपल्या घरांत डोकावून पाहू. आपली डोळस मुले आईला निरोप पाठवितात तो मराठीत, परंतु रोमन लिपीत. त्या लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. ‘न’ आणि ‘ण’ यांनाही एकच. भोवतालच्या प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. रोहतककडच्या खेडुतांच्या बोलण्यात तो अजून ऐकू येतो, पण आपल्या मुलांच्या शाळेत नाही. जो फरक बोटाला कधी करावाच लागत नाही, तो हळूहळू कानातून जातो आणि मग जिभेवरूनही जातो. आपल्या कितीतरी नातवंडांच्या तोंडी ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘कमळ’चे ‘कमल’ झाले आहे. याचा दोष मुलांना देणे मला अन्यायाचे वाटते. उंबरठाच असा बांधला गेला आहे, की त्यावरून ‘ळ’ला आत येता येत नाही. यंत्र हाताकडून जे मागत नाही ते हात विसरतो, आणि हात जे विसरला ते टिकविणे भाषेला जड जाते. दृष्टिहीन मुलाला ज्या साधनाने ‘ळ’ मिळाला, आणि डोळस मुलाचा ज्या साधनाने गेला, ती दोन्ही साधने आपल्यासमोर आहेत.

यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. टाचण्या अक्षर उभे करतात, पण बोट धरून पहिले अक्षर ओळखावयास शिकविणारा माणूसच लागतो. काठी अडथळा सांगते, परंतु ती चालविण्याचे शिक्षण माणसाकडूनच घ्यावे लागते. शिवाय टाचण्यांखाली यावयास मराठी मजकूर तर हवा! महाराष्ट्रात स्वागत थोरात यांनी 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते ही उणीव जाणूनच.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे मी तीन विनम्र सूचना ठेवतो.

पहिली आपल्या स्मरणिकेविषयी. पुष्कळ छापखान्यांत अद्याप जुन्या धर्तीचे टंक वापरले जातात. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु आत रोमन अक्षरांचे कडबोळे असते. यंत्राला ते वाचता येत नाही आणि ब्रेलमध्येही उतरविता येत नाही. पानाचे नुसते छायाचित्र घेऊन ठेवले तरी तीच अडचण. आपली स्मरणिका युनिकोड लिपिसंकेतात जुळवून घ्यावी व तिचा मजकूर मागेल त्यास द्यावा. याला खर्च जवळजवळ नाही. छपाईला देण्यापूर्वी आग्रह तेवढा धरावयाचा आहे. मग माझे ते वऱ्हाडी सहकारी आपल्या गेल्या पन्नास वर्षांची हकिगत आपल्या बोटांनी वाचू शकतील.

दुसरी सूचना ग्रंथालयाविषयी. आपल्या ग्रंथालयात मराठी ब्रेल पुस्तकांचे एक कपाट असावे, आणि दृष्टिहीन वाचकाला ते घरपोच देण्याची जबाबदारी तरुण सभासदांनी वाटून घ्यावी. राजधानीच्या या अफाट पसाऱ्यात मराठी दृष्टिहीन मंडळी निश्चित आहेत. ती आपल्या गणेशोत्सवाला येत नसतील, तर बोलावणे पोहोचले नाही असेच समजावे.

तिसरी सूचना मुलांविषयी. रविवारच्या मराठी वर्गात आरंभी वाळूचे तबक असावे, त्यानंतर लेखणी आणि त्यानंतर देवनागरी कळफलक. मुलांनी ‘ळ’ प्रथम वाळूत काढावा, मग वहीत, मग कळीवर. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ल’च्याच कळीवर, वरच्या जोडीला तो त्यांची वाट पाहत बसलेला आहे. हे वर्ग निवृत्त मंडळींनी चालवावेत. आमच्यासारख्यांना सेवानिवृत्तीनंतर काय करावे हा प्रश्न पडतोच. त्याचे एक उत्तर येथे मिळेल, आणि घरची मंडळीही मंडळाला दुवा देतील!

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांच्यापाशी संगणक नव्हता. सतरंज्या स्वतः अंथरून, पत्रिका स्वहस्ताक्षरात लिहून आणि बसचे दोन-दोन टप्पे बदलून घरोघर नेऊन देऊन त्यांनी ते उभे केले. ते हस्तगत करावयाचे तर आपल्यालाही हात चालवावे लागतील.